दाढेतली साखर

हिवरमाळातली निम्मी माणसं शालनआक्काच्या शिव्या खाऊन सुधारली होती, आणि उरलेली निम्मी त्या खाव्या लागू नयेत म्हणून. तिच्या पोटच्या पोराला मात्र आता त्या गोड लागायला लागल्या होत्या. बोलायच्या भाषेतलं गोड नव्हे. जिभेवर साखर ठेवल्यासारखं, खरोखरचं गोड.

त्या दिवशी तिचा संग्राम कामावरून आला तो शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत जळालेली. संग्राम वीज कंपनीत वायरमन. बाहीकडे बघून शालनआक्का घाबरली, आणि ती घाबरली की तोंडातून निखारे पडायचे. माया करायची दुसरी रीत तिला कुणी शिकवलीच नव्हती.

"मुडद्या, बाही कुठं जाळलीस? हात दाव आधी! तारंला मिठी मारत हुतास व्हय? तुझा बाप जन्मभर बैलाच्या शिंगाला भ्याला आन तू इजेच्या तोंडात हात घालतूस? म्या काय तुला खांबावर वाळत घालाय जन्म दिला?"

असलं काही ऐकलं की पूर्वी संग्रामची मान खाली जायची, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो निमूट सरळ वागायचा. आता तो भिंतीला टेकला, डोळे मिटले आणि जीभ टाळूला लावून चुटुक असा आवाज केला. बासुंदीची वाटी संपवल्यावर करतात तसा.

"आई," तो म्हणाला, "ते वाळत घालायचं पुन्हा म्हण की."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सून ऋतुजा उंबऱ्यातच थांबली. "आत्या, नका बोलू. जेवढं बोलाल तेवढं त्यांना गोड लागतंय."

हे सगळं त्या चिमट्याचं काम होतं. कंपनीनं आपल्या सगळ्या वायरमन लोकांच्या मागच्या दाढेला गव्हाच्या दाण्याएवढा एक चिमटा बसवला होता. कागदावर त्याचं नाव ‘समतोल’ होतं, पण कागदावरच्या नावानं हाक कोण मारतं? माणूस घाबरला, चिडला, ताणात आला की त्याच्या रक्तात एक रस वाढतो आणि तो लाळेतही उतरतो. चिमटा आपला बसल्या जागी लाळ चाखत असतो. रस वाढला की तो जिभेच्या नसेला गुदगुली करतो. जीभ मेंदूला सांगते, गोड आलं. साखरेचा कणही नाही, तरी गोड. मेंदू त्या सुखाकडे वळला की अंगातली भीतीची घंटा मंद होते. खांबावर चढलेल्या पोरांचे हात थरथरायचे थांबले. अपघात कमी झाले. साहेबांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले.

हारांची फुलं सुकली आणि पोरं बदलली. संग्राम जेवताना उगाच ऋतुजाशी भांडण उकरायचा आणि ती रडकुंडीला आली की हा भाकरीबरोबर हसायचा. ती शेवटी भांडायचीच थांबली, तेव्हा तो गाडी ट्रकच्या अगदी कडेनं घासून न्यायला लागला. आणि आता ही बाही.

"जालिंदरभावजी सांगत होते," ऋतुजानं खालच्या आवाजात सांगितलं. जालिंदर संग्रामच्या जोडीला काम करणारा वायरमन. "परमिट न घेताच चढले. म्हणजे वरची लाईन बंद करायला सांगितलंच नाही. चालू तारंच्या शेजारी काम केलं. भावजी खालून बोंबलत होते, आन हे वरनं हसत होते."

शालनआक्का उठली आणि पायात पायताण घातलं.

तालुक्याच्या दवाखान्यात हे चिमटे बसवणारी डॉक्टरीण मेधा सबनीस म्हणून होती. तिशीतली, डोळ्यांखाली काळं आलेली. शालनआक्का रांग मोडून आत शिरली.

"तूच का गं, पोरांच्या दाढंत साखर पेरणारी?"

डॉक्टरीण दचकली, पण तिनं खुर्ची पुढे केली. "बसा, मावशी."

"बसाय न्हाई आले. माझ्या पोराच्या दाढंतलं ते काढ."

"आणलंय का त्याला?"

"त्यो येतूय व्हय? त्याला गोड लागतंय!"

"मग मला हात लावता येत नाही. तो सज्ञान आहे. त्यानं स्वतः येऊन मागितलं पाहिजे. मागितलं तर काम चिमूटभर आहे, लगेच होतं."

"ह्ये यंत्र शोधून काढलं कुणी? त्याच्या घरात कुणी भ्यायला हाय का न्हाई?"

डॉक्टरीण हसली नाही. तिनं दार लोटून घेतलं आणि समजावून सांगितलं. "फार पूर्वी उंदरांवर प्रयोग झाले होते, मावशी. रोज थोडं गोड पाणी मिळालेला उंदीर आणि साधा उंदीर, दोघांना अरुंद नळीत कोंडलं, तर गोड मिळालेल्याच्या अंगात ताणाचा रस कमी सुटतो. तो कमी घाबरतो. बरं, ही साखरेची ताकद नव्हे. साखर नळीनं थेट पोटात सोडली तर काही होत नाही. आणि अंगी न लागणारं, नुसतंच गोड पाणी जिभेवर आलं तरी होतं. म्हणजे काम करतं ते सुख. जोडीदाराच्या संगतीनंही तेच होतं. सुखाची आठवण मेंदूत मुरते आणि भीतीला लगाम घालते."

"मग माझ्या पोराचा लगाम कुठं गेला?"

"उंदराला गोड मिळायचं निवांत वेळी. आपण देतो भीतीच्या वेळी. भ्यालं की गोड, चिडलं की गोड. शरीर आंधळं असेल, पण अडाणी नाही, लगेच शिकतं. आधी भीती कमी झाली, मग भीतीची चटक लागली. मुंगळा गुळाची ढेप शोधतो तसं त्याचं अंग आता धोका शोधत फिरतंय." तिनं कपाळ चोळलं. "मी कंपनीला कळवलं. एकदा नाही, अनेकदा. ते म्हणतात, आकडे चांगले आहेत, तुम्ही कशाला काळजी करता?"

शालनआक्काला पहिल्यांदा त्या बाईची कीव आली. हिचंही कुणी ऐकत नव्हतं तर.

"आणि एक," डॉक्टरीण म्हणाली. "त्याच्यावर ओरडू नका. तुमचं ओरडणं म्हणजे त्याला श्रीखंड आहे."

परतीच्या एसटीत शालनआक्का खिडकीबाहेर बघत बसली. आयुष्यभर जपलेलं एकच हत्यार होतं, आणि त्याला कुणीतरी पाकात बुडवून ठेवलं होतं.

तिनं गप्प राहायचं ठरवलं. सकाळी चहाचा कप संग्रामपुढे ठेवला आणि तोंडातून ब्र काढला नाही. तो कपाकडे बघेना, तिच्याकडेच बघत राहिला. "बोलंना झालीस म्हंजी काहीतरी लय मोठं येणार," तो म्हणाला. छातीवर हात ठेवला आणि चुटुक! बोलावं तर बासुंदी, न बोलावं तर पेढा.

मग दुसऱ्या दिवशी तिनं लाज सोडून मायाही करून बघितली. तो चुलीपुढे बसला असताना मागून जाऊन त्याच्या केसांतून हात फिरवला. संग्राम ताडकन उठला. "काय झालं? कोण गेलं? मामा गेला का?" आणि घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्यावर ते हलकट हसू पसरायला लागलं.

शालनआक्का परसात गेली आणि सरपणाच्या ढिगाला लाथ घातली. आपण मायेनं हात लावला तर पोराला वाटतं कोण मेलं! हा दोष तरी चिमट्याचा नव्हता, आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला. त्यात अंगठा ठेचला तो वेगळाच.

मग आला शिव्यांच्या बाराचा दिवस.

हिवरमाळ आणि पाणसोडी या दोन गावांच्या मधून एक ओढा जातो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि हलगीच्या तालावर, हातवारे करत, एकमेकींना पोटभर शिव्या घालतात. हा शिव्यांचा बार. बार झाला नाही तर पिकं हसत नाहीत असं म्हणतात. सासरचं, माहेरचं, नवऱ्याचं, जावेचं, वर्षभराचं जे काही साठलेलं असतं ते त्या दिवशी ओढ्यात ओतायचं. ज्या काठाची हलगी आधी थांबते ते गाव हरलं. मग पाण्यात उतरून दोन्हीकडच्या बाया एकमेकींना हळदीकुंकू लावतात आणि घरी जाऊन उरलेल्या पोळ्या खातात.

शालनआक्का हिवरमाळची म्होरकी. ती उभी राहायला लागल्यापासून हिवरमाळची हलगी आधी थांबलेली नव्हती. पलीकडे पाणसोडीची रतन जगदाळे. वय झालं तरी आवाज भोंग्यासारखा.

"शालने!" रतनबाई कडाडली. "तुझ्या चुलीत बेडूक नांदत्यात गं!"

"रतने! तुला बघून आरसा तडकला, आन तुझा नवरा त्या तडकीतनं पळाला!"

काठ हसून लोळत होता. शालनआक्काला बऱ्याच दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. इथं तरी तिचे शब्द लागत होते. रतनबाईचा चेहरा बघा की, कसा पडला होता!

तेवढ्यात हिवरमाळच्या काठावरचे भोंगे बंद पडले. यंदा पंचायतीनं हौसेनं दोन्ही काठांवर भोंगे लावले होते, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला जो वीज कंपनीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा खांब आहे, त्याच्यावरचा जोड जळाला होता. पाणसोडीचे भोंगे दुसऱ्या लाईनवर, ते चालूच. हिवरमाळच्या पोरांनी एकच गलका केला, "संग्रामदादा! संग्रामदादा!"

बायांच्या मागून जालिंदर ओरडत आला. "आक्का! त्यानं परमिट घेतलं न्हाई! वरची लाईन चालू हाय, अकरा हजार होल्टची!"

शालनआक्कानं वळून बघितलं. संग्राम डीपीच्या खांबावर निम्म्याच्या वर गेला होता. कंबरेला पट्टा नव्हता.

"सबस्टेशनला लाव की फोन!"

"लावलाय! त्ये इचारत्यात लाईन कुठली, हुकूम कुणाचा..." जालिंदर फोनवर बोंबलत, दुसरा कान दाबत पुन्हा लांब गेला.

"खाली उतर, मुडद्या!" शालनआक्काचा आवाज हलगीच्या वर गेला. "उतर म्हणते न्हाईतर तंगडं मोडून हातात दीन!"

संग्रामनं खाली बघितलं. हसला. चुटुक आवाज एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्याचे ओठ हललेले तिला दिसले. तो एक पायरी वर चढला.

"अरं तुझ्या..." तिनं तोंड उघडलं आणि तो आणखी एक पायरी चढला.

आपली एक शिवी, त्याची एक पायरी. आपणच त्याला वर ढकलतोय. मागे हलगी तडातडा वाजत होती, पोरं ओरडत होती, पलीकडून रतनबाईचा भोंगा चालू होता, आणि या सगळ्या गोंधळाची त्याच्या जिभेवर खीर शिजत होती.

शालनआक्का दोन ढांगांत हलगीवाल्यापाशी गेली आणि हलगीच्या कातड्यावर आपला पंजा दाबून धरला.

हलगी थांबली.

हिवरमाळच्या बायांना कळेना काय झालं. पाणसोडीचा काठ मात्र फुटला. "हरली! शालन हरली! हिवरमाळ हरलं गं बायांनो!"

"आक्का, काय केलंस हे?" शेजारची एक बाई किंचाळली.

"गप ऱ्हावा सगळ्या. एकीनं तोंड उघडलं तर जीभ हासडीन," शालनआक्का कुजबुजली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कुजबुजण्याला काठ घाबरला. पोरंसुद्धा गप झाली.

ती खांबाखाली जाऊन उभी राहिली. ओरडायचं नाही. गप्प राहायचं नाही. माया तर करायचीच नाही. मग उरलं काय? तिच्या डोक्यात काही येईना. तोंडाला आलं ते ती बोलली.

"संग्राम. तांदूळ निवडाय घेतल्यात."

वर चढणारा त्याचा पाय थांबला.

"रेशनचं हायत. खडं लय. निम्मं झाल्यात, निम्मं ऱ्हायल्यात. ऱ्हायलेलं उद्या करीन म्हणते."

"आई?" संग्रामनं खाली वाकून बघितलं. "काय बोलतीयास? शिवी दे की!"

"म्हशीचं दावं झिजलंय. नवं आणाय पायजे. जुनं बी चालंल म्हणा थोडं दिस." आवाज तिनं डब्यातलं पीठ हातानं सारखं करावं तसा सपाट ठेवला. "सुताराकडं पाटाचा पाय दिलाय. त्यो म्हणला बघू. म्या म्हणलं बघ. त्यो म्हणला, पुढच्या आठवड्यात बघू."

पलीकडून रतनबाई गरजली, "शालने! तुझी जीभ गळाली का गं? का पोरानं गिळली?"

एवढी सोपी शिवी! हिच्या उत्तरादाखल पाणसोडीच्या सात पिढ्या धुऊन निघाल्या असत्या. शालनआक्काच्या घशात ते उत्तर येऊन धडकलं, आणि तिनं ते जळत्या घासासारखं खाली गिळलं.

"ऋतुजानं गोधडी वाळत टाकलीया," ती म्हणाली. "ऊन न्हाई. वाळंल कशी कुणाला ठावं. वाळंल तवा वाळंल."

वर संग्रामचा चेहरा उतरला. जत्रेतून हात धरून घरी नेताना पोरांचा उतरतो तसा. खांद्यातला ताठा गेला. जिभेवरचं गोड ओसरत चाललं होतं आणि खाली आई गोधडीचं सांगत होती. त्यानं जांभई दिली. अकरा हजारांच्या तारेखाली, खांबाला धरून, तोंडभर जांभई दिली.

आणि जांभई मिटताना त्याला ती तार दिसली. हातापासून वीतभर अंतरावर. तिचा बारीक गुणगुण आवाजही ऐकू आला. तो मघापासून येतच होता, पण आज कित्येक महिन्यांनी त्याच्या कानात शिरला. भीती छातीत झटक्यात उतरते. तिचा रस लाळेत यायला आणि चिमट्यानं तो चाखायला थोडा वेळ जातो. त्या तेवढ्या वेळात भीतीवर कुठलंही पांघरूण नव्हतं.

"आये!" संग्राम ओरडला. लहानपणी म्हणायचा तसं. त्यानं दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली.

शालनआक्काचे हात आपोआप वर गेले. पण तोंडातून आलं ते एवढंच, "डावा पाय खाली सोड. पट्टी हाय तिथं. लागली का? आता उजवा. तांदळाचं काय सांगत हुते बघ, खडं काळं असलं तर दिसत्यात, पांढरं न्हाईत दिसत. आता पुन्हा डावा."

तो एकेक पायरी उतरत आला. त्याचे पाय मातीला लागले तेव्हा कुठे लांबून जालिंदर नाचत ओरडला, "झाली! लाईन बंद झाली!"

"लवकर झाली रं," शालनआक्का म्हणाली.

संग्राम खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऋतुजा धावत येऊन त्याच्याजवळ बसली. आणि तेवढ्यात शालनआक्काला दिसलं, त्याच्या ओठांचा कोपरा वर जायला लागला होता. चिमट्यानं लाळ चाखली होती. पोर रडत होतं आणि त्याच वेळी त्याचं तोंड हसत होतं. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे गाल दाबून धरले, ते हसू आत कोंबायला बघितलं, पण ते बोटांच्या फटींतून बाहेर आलंच.

"आई, मला लय भ्या वाटतंय," तो म्हणाला, "आन गोड बी लागतंय. किळस यायलीय मला. काढायचंय हे. आत्ता काढायचंय."

"तू सोता म्हणतूयस?"

"सोता म्हणतूय."

शालनआक्काचा उजवा हात वर गेला. कानाखाली एक सणसणीत काढावी, मग छातीशी धरावं, मग पुन्हा एक काढावी, असं त्या हाताच्या मनात होतं. तिनं तो तसाच खाली आणला आणि लुगड्याला पुसला.

"जालिंदर, जीप काढ. तालुक्याला जायचंय."

ओढ्याच्या पाण्यात पाणसोडीच्या बाया हळदीकुंकवाचं ताट घेऊन उतरल्या होत्या. रतनबाई सगळ्यांत पुढे. ती म्हणाली, "शालने, मळवट भरून घे की हरल्याचा!" हिवरमाळच्या बाया आपल्या म्होरकीकडे खाऊ की गिळू नजरेनं बघत होत्या. त्यांना समजावून सांगायला लागावा तेवढा वेळही नव्हता आणि तेवढी नम्रताही तिच्याकडे नव्हती. तिनं रतनबाईपुढे कपाळ केलं. कुंकू लावून घेतलं. आणि वळून जीपकडे चालायला लागली.

जीपमध्ये संग्राम तिच्या शेजारी बसला, गाल अजून हातांत धरलेले. "आई," थोड्या वेळानं तो चाचरत म्हणाला, "दाढ मोकळी झाली की... तू बोलणार आसशील मला."

त्याच्या आवाजात भीती होती. म्हणजे आता चिमटा पुन्हा जागा होणार. शालनआक्काकडे त्याच्यासाठी, कंपनीच्या साहेबांसाठी, रतनसाठी, आणि त्या उशिरा बंद झालेल्या लाईनसाठी वेगवेगळ्या, एकीसारखी दुसरी नाही अशा शिव्या तयार होत्या. जीप खड्ड्यातून उडाली की त्या दातांवर येऊन आपटत होत्या.

तिनं पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि तालुका येईपर्यंत तो दातांखाली धरून ठेवला.